मास्तरांची मान हलली

मास्तर गाडी चालवायला शिकवत. शहरातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या शेजारी बसून घाम गाळला होता, आणि ज्याच्यापुढे घाम गाळावा लागतो त्याला लोक आपोआप मास्तर म्हणू लागतात. त्यासाठी शाळा लागत नाही. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक होता. शिकाऊ माणूस समोरच्या खांबाकडे प्रेमाने निघाला की मास्तर तो दाबत. सगळी हयात असा पाय रोखून बसल्यामुळे तो पाय आता त्यांचंही ऐकेनासा झाला होता. न्हाव्याने वस्तरा जरा भरभर चालवला की खुर्चीखाली मास्तरांचा पाय दाबला जाई. मुलीने "नोकरी सोडतेय" असं जाहीर केलं, तेव्हा जेवणाच्या टेबलाखाली तो इतक्या जोरात दाबला गेला की पेल्यांतलं पाणी हिंदकळलं. मुलीने नोकरी सोडलीच. जादा ब्रेक फक्त एकाच गाडीला होता.

अशा माणसाकडे स्पोर्ट्स कार होती, असं सांगितलं तर ऐकणारा आधी हसतो. पण होती. लांबलचक बॉनेट, दोनच माणसांची जागा, वर छप्पर नाही, रंग गर्द हिरवा. मास्तरांच्या लहानपणी शर्यतीत धावणाऱ्या एका जुन्या गाडीची ही हुबेहूब नक्कल. मूळच्या गाड्या जगात आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात आणि त्याही काचेमागे. मास्तरांची गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, त्यांच्या स्वतःच्या हातांनी, सुट्टीसुट्टीला थोडी थोडी बांधलेली. अंग फायबरचं, साच्यातून काढलेलं. सांगाडा ओळखीच्या वेल्डरने जोडून दिलेला. आणि इंजिन? इंजिन ड्रायव्हिंग स्कूलच्या म्हाताऱ्या झालेल्या गाडीचं. त्या इंजिनाला अख्ख्या शहराने चौकाचौकांत बंद पाडलं होतं. इतका अपमान सोसलेलं इंजिन सहसा चिडत नाही, तसं ते चिडत नसे. फक्त त्याला गर्जना येत नव्हती. बाहेरून गाडी वाघासारखी दिसे आणि सुरू केली की कुणीतरी शेजारच्या खोलीत शिलाई मशीन चालवतंय असं वाटे.

नकली गाड्या असलेल्यांचा एक क्लब होता. दर रविवारी सकाळी फर्निचरच्या दुकानामागच्या मोकळ्या पार्किंगमध्ये ही मंडळी जमत. तिथे येणाऱ्या सगळ्यांच्याच गाड्या खोट्या. तेव्हा वाद कशाला होतील, असं एखाद्या भाबड्या माणसाला वाटेल. पण खरेपणावरून जेवढी भांडणं खोट्या गाड्यांच्या मालकांत होतात, तेवढी खऱ्या गाड्यांच्या मालकांत होत नसावीत. एकाचं म्हणणं, सांगाडा मूळ नकाशाबरहुकूम असेल तर गाडी 'जवळजवळ खरी'. दुसऱ्याचं म्हणणं, टायरची नक्षीसुद्धा त्या काळची हवी. एका सद्गृहस्थाकडे खऱ्या गाडीचा खरा हॉर्न होता. "हॉर्न अस्सल आहे," तो सांगे, "बाकीची गाडी मी त्याच्याभोवती बांधली." आणि तो हॉर्न तो कधी वाजवत नसे, झिजेल म्हणून.

पण क्लब दुभंगला होता तो बिल्ल्यावरून. मूळ गाडीच्या नाकावर कंपनीचा बिल्ला असे. नकलेच्या नाकावर तो लावावा की नाही? लावणारे ते बिल्लेवाले. न लावणारे ते कोऱ्या नाकाचे. मास्तर कोऱ्या नाकाच्यांचे पुढारी. क्लबाचा एकुलता एक पक्का नियमही त्यांनीच करून घेतलेला: रस्त्यात कुणी विचारलं, "खरी आहे का हो?" तर तोंडातून पहिला शब्द निघाला पाहिजे 'नाही'. त्यानंतर हवं तेवढं बोला, हवा तेवढा चहा प्या. पण आधी 'नाही'.

"क्लच दाबल्याशिवाय गिअर टाकत नाही ना आपण?" मास्तर समजावत. "तसंच हे. आधी नाही, मग गप्पा."

बिल्लेवाल्यांच्या बाजूने सगळ्यांत गोड बोलणारा होता एक दंतकारागीर. तो डॉक्टरांना कवळ्या बनवून देई, म्हणून क्लबात त्याचं नाव कवळीवाले. मास्तरांचा जुना मित्र. मास्तरांच्या गाडीच्या दिव्यांच्या काचा त्यानेच दातांच्या हत्यारांनी घासून बसवून दिल्या होत्या.

"मास्तर," तो म्हणे, "माझी कवळी घालून माणूस हसतो तेव्हा तो आधी 'नाही' म्हणून मग हसतो का?"

"तोंडातली गोष्ट वेगळी."

"का? बिल्ल्याशिवाय माझी गाडी बोळकी दिसते हो. मला बघवत नाही. धंद्याची सवय."

सगळे हसत. मास्तर हसत नसत. ते बोटाच्या पेराने कवळीवाल्यांच्या गाडीच्या मडगार्डवर टकटक करत. प्लास्टिकच्या बादलीसारखा आवाज येई. "हा आवाज काय सांगतो?" ते विचारत. हा प्रकार त्यांनी एकदा कवळीवाल्यांच्या सासऱ्यांसमोर केला होता. सासरे त्या दिवशी मुद्दाम जावयाची गाडी बघायला आले होते. त्यानंतर ते पुन्हा आले नाहीत. मास्तरांना त्याचं काही वाटलं नव्हतं. खरं ते खरं, असं म्हणून त्यांनी रुमालाने हात पुसले होते.

अशा मास्तरांच्या हातून जे झालं ते गाडी धुण्याच्या ठिकाणी झालं.

एका दुपारी ते पाइपने गाडीवर पाणी मारत होते. फुटपाथवर एक वयस्कर बाई औषधांची पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. ताठ कणा, पांढरे केस घट्ट बांधलेले, चष्मा दोरीने गळ्यात. एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि अजून सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत, हे मास्तरांना मागाहून कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पिशवी हळूच खाली ठेवली.

"हीच ना ती?" त्या म्हणाल्या.

मास्तरांनी पाणी बंद केलं.

"आमच्या दादाची," बाई म्हणाल्या. "घाटाच्या शर्यतीत चालवायचा. लांबून दिसली आणि पायच हलेना माझा. हीच आहे ना?"

आता इथे पहिला शब्द 'नाही' हवा होता. तो मास्तरांच्या जिभेवर आलाही होता. पण बाईंनी गाडीवरून नजर काढली आणि मास्तरांकडे बघितलं. आणि त्या नजरेत काय होतं म्हणून सांगू! मास्तरांकडे आजवर लोकांनी दोनच तऱ्हांनी बघितलं होतं. शिकत असताना भीतीने, आणि शिकून झाल्यावर, "अरे हो, तुम्ही ते क्लच, क्लच ओरडणारे!" असं. कुणी असं बघितलं नव्हतं, की या माणसाने जगातली एक मोलाची वस्तू जपून ठेवली आहे.

मास्तरांची मान हलली. खाली आणि वर.

एकदा मान हलली की पुढचं उतारावरच्या गाडीसारखं असतं, आणि हा जादा ब्रेक त्या दिवशी दाबला गेला नाही. कुठून मिळाली, बाईंनी विचारलं. "एका गॅरेजमध्ये पडून होती," मास्तर म्हणाले. इंजिनापुरतं ते खरंही होतं. जरा बसू का, असं बाईंनी विचारलं. मास्तरांनी दार उघडलं, सीटवरचं पाणी आपल्या सदऱ्याच्या बाहीने पुसलं. बाई आत बसल्या आणि डॅशबोर्डच्या खालच्या कडेला हात लावून काहीतरी चाचपू लागल्या.

"इथे एक पोचा होता. माझ्या गुडघ्याचा. दादाने एकदा असा काही ब्रेक मारला..." त्या थांबल्या. "दुरुस्त केलात वाटतं."

"हो," मास्तर म्हणाले. "करावा लागला."

ते वाक्य ऐकून त्यांचे स्वतःचेच कान गरम झाले. तरीसुद्धा त्यांनी खिशातून ड्रायव्हिंग स्कूलचं कार्ड काढून बाईंना दिलं. म्हणजे काय? म्हणजे बाईंनी पुन्हा यावं, पुन्हा तसंच बघावं, अशी इच्छा होती. दुसरं काय!

घरी आल्यावर मास्तर फारच चांगले वागू लागले. न सांगता नळ दुरुस्त केला. बायकोचा संशय तिथेच बळावला. ड्रायव्हिंग स्कूलच्या खिडकीत बसून फोन घेणं, शिकणाऱ्यांच्या वेळा लावणं हे काम तिच्याकडे होतं. माणूस आवाजावरून ओळखायची तिला सवय होती.

"नळाला काय झालं होतं?" तिने विचारलं.

"गळत होता."

"तो गेल्या वर्षापासून गळतोय. तुम्हाला काय झालंय?"

"कुठे काय!"

दोनेक दिवसांनी दुपारी मास्तर शिकवणी आटपून आले, तर बायको फोन ठेवून खुर्चीत मागे टेकून बसली होती. समोर शिकायला आलेली एक बाई अर्ज भरत होती. ती जाईपर्यंत बायको काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुमच्या मोठ्या बाईंचा फोन होता."

मास्तर गाडीची किल्ली खुंटीला अडकवता अडकवता थांबले.

"दादांची गाडी इतकी वर्षं सांभाळल्याबद्दल तुम्हाला आशीर्वाद दिलेत. मलाही दिले. म्हणाल्या, असा माणूस मिळायला भाग्य लागतं." तिने पेनाला टोपण लावलं. "मी हो म्हटलं. मला काय माहीत! अहो, कोण दादा?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांचं लक्ष भिंतीवरच्या वाहतुकीच्या खुणांच्या तक्त्यावर होतं. ऐकून बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती ऐकत राहिली.

"अगं, म्हातारी इतकी खूश झाली होती," मास्तर म्हणाले. "कशाला मोडायचं तिचं मन? गाडी म्हणजे काय, लोखंडच शेवटी."

"तुमच्या गाडीत तर तेही नाही. फायबर."

"चेष्टा नको करूस."

"बरं, नाही करत. एक सांगा. खूश त्या झाल्या होत्या की तुम्ही?"

मास्तरांचा पाय टेबलाखाली दाबला गेला. बायकोने ते बघितलं आणि ती उठून आत गेली.

रविवारी क्लबात मतदान होतं. मास्तरांनीच महिनाभर आधी ठराव मांडला होता: ज्यांच्या नाकावर बिल्ला आहे त्यांनी तो काढावा, नाहीतर क्लब सोडावा. म्हणायला सगळ्यांसाठी, पण नेम कवळीवाल्यांवर होता, हे पार्किंगमधल्या कबुतरांनाही ठाऊक होतं. ठरावावर बोलायला मास्तर उठले. रात्री त्यांनी भाषणाची तयारी केली नव्हती. करायला बसले की डोळ्यांपुढे चष्मा चढवणाऱ्या बाई येत. उभे राहिले, सगळ्यांकडे बघितलं, घसा खाकरला, आणि खाली बसले.

"मास्तर, काय झालं?"

"काही नाही. आज मला बोलायचं नाही."

मंडळी घाबरली. मास्तर आणि बोलायचं नाही! कुणी म्हणालं साखर उतरली असेल. हॉर्नवाला म्हणाला, डोकं खाली घालून बसवा. कवळीवाले पळत जाऊन आपल्या गाडीतून पाण्याची बाटली घेऊन आले, मास्तरांच्या हातात दिली, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. ते पाणी मास्तरांच्या घशाखाली कसं उतरलं ते त्यांचं त्यांनाच माहीत.

भाषणाशिवायच ठराव पास झाला. कोऱ्या नाकाच्यांनी टाळ्या वाजवल्या. कवळीवाले सरळ आपल्या गाडीकडे गेले. हत्यारांच्या पेटीतून त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला, गाडीसमोर उकिडवे बसले आणि बिल्ला काढायला लागले. लोक हळूहळू पांगले. एक स्क्रू निघेना. मास्तर जवळ गेले आणि उकिडवे बसले. त्यांचे गुडघे वाजले.

"मी परवा हो म्हटलं," ते म्हणाले.

"कशाला?"

"एका बाईंनी विचारलं, त्यांच्या भावाची गाडी हीच का. मी मान हलवली."

कवळीवाल्यांचा हात थांबला. मास्तर मनातल्या मनात वाट बघत होते. आता हा हसणार, आता बोटाने आपल्या मडगार्डवर टकटक करणार. यायलाच हवं होतं ते. कवळीवाल्यांनी टकटक केली नाही. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळू आवाजात विचारलं, "कसं वाटलं?"

"छान वाटलं."

"हं."

"वाईट वाटलं असतं तर बरं झालं असतं रे. पण छान वाटलं. तिथेच तर मेलोय मी."

कवळीवाले शेवटचा स्क्रू फिरवत राहिले. बिल्ला निघाला. गाडीच्या नाकावर दोन भोकं उरली आणि त्यांच्याभोवती रंग जरा गडद, कारण तिथे ऊन लागलं नव्हतं. "मास्तर, आता जा," ते म्हणाले. "त्या बाईंना आधी सांगून या. माझी ही भोकं कुठे पळून जात नाहीत."

मास्तर तसेच निघाले. पत्ता बायकोने फोनवर विचारून आधीच एका चिठ्ठीवर लिहून गाडीत ठेवून दिला होता. बायका अशा बाबतीत फार बोलत नाहीत, सोय करून ठेवतात.

मोठ्या बाईंचं घर तळमजल्यावर होतं. छोटी बैठकीची खोली, पुस्तकांचं कपाट, आणि कपाटावर एक कृष्णधवल फोटो: घाटाच्या कडेला एक दणकट तरुण हसतोय, मागे गाडी. बाईंनी दार उघडलं, मास्तरांना बघून त्यांचा चेहरा असा काही उजळला की मास्तरांना वाटलं, फोनवर सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं!

"या, या! बसा. चहा टाकते."

"नको बाई. मला उभ्यानेच सांगायचंय."

मोठ्या बाई थांबल्या. उभ्यानेच सांगायचंय, असं म्हणणारी मुलं त्यांनी सगळी नोकरीभर बघितली होती. चेहऱ्यावरचा उजेड तसाच ठेवून त्यांची नजर मात्र शाळेतली झाली. "बोला."

मास्तर बोलले. गाडी मी बांधली. अंग फायबरचं. इंजिन शिकवणीच्या गाडीचं. तुमच्या दादांची गाडी मी कधी डोळ्यांनी बघितलीसुद्धा नाही. पोचा मी दुरुस्त केला नाही, कारण पोचा नव्हताच. तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं.

"मग का नाही म्हणालात?"

"तुम्ही माझ्याकडे बघितलंत म्हणून."

हे उत्तर बाईंना कळलं की नाही कोण जाणे. त्या खुर्चीत बसल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. रडल्या नाहीत. मास्तरांना वाटलं होतं त्या रडतील किंवा रागावतील, आणि दोन्हींची तयारी करून ते आले होते. बाई म्हणाल्या, "मी वहिनीला फोन केला हो."

"कुणाला?"

"दादाच्या बायकोला."

आणि मग जे कळलं त्याची तयारी मास्तरांनी केली नव्हती. दादा गेले त्याच वर्षी वहिनींनी गाडी विकली. कुणा शौकिनाला नव्हे, मोडीत घेणाऱ्या भंगारवाल्याला. पोर्चमध्ये उभी ती गाडी त्यांना बघवेना, म्हणून पहिला जो दारात आला त्याला देऊन टाकली. मोठ्या बाईंनी त्यावरून जे बोलायचं ते बोलून घेतलं, आणि त्यानंतर दोघींचं बोलणं बंद. दोन रस्ते सोडून दोघी राहतात. एकाच दवाखान्यात जातात. एकमेकींच्या वेळा विचारून टाळतात. ते त्या दुपारपर्यंत. त्या दुपारी बाईंनी घरी येऊन पिशवीतली औषधंसुद्धा न काढता फोन लावला होता: वहिनी, गाडी मोडली नाही गं. कुणीतरी वाचवली. नवीनसारखी ठेवलीय.

"काय म्हणाल्या त्या?"

"काही बोलेचना. मग म्हणाली, वन्सं, आज मी झोपेन." बाईंनी मास्तरांकडे बघितलं. आता त्या नजरेत काही मोलाची वस्तू वगैरे नव्हती. "आज तिला घेऊन येणार होते तुमच्याकडे. गाडी दाखवायला. आता मी काय सांगू तिला?"

मास्तर जमिनीकडे बघत होते. फरशीवर एक भेग होती. ती खुर्चीखालून जाऊन भिंतीपर्यंत पोचत होती, हे त्यांच्या कायमचं लक्षात राहिलं.

"मी येतो," ते म्हणाले. "मी सांगतो."

"सांगावंच लागेल तुम्हाला," बाई उठत म्हणाल्या. "माझ्याने हे होणार नाही."

दोघं त्याच गाडीत बसून गेली. दुसरी गाडी नव्हती. वाटभर फक्त शिलाई मशीन चालू होतं, आणि एका वळणावर बाई म्हणाल्या, "दादाची अशी वाजत नव्हती. त्या दिवशी तुम्ही ती सुरूच केली नव्हतीत." मास्तरांनी मान डोलावली आणि लगेच स्थिर केली. मान डोलवायचीही त्यांना आता धास्ती वाटू लागली होती.

वहिनी दुसऱ्या मजल्यावर राहत, पण त्या खालीच उभ्या होत्या. बाईंनी येतो म्हणून कळवलं होतं. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, हातात काठी. ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. गाडी थांबली तशा त्या पुढे आल्या आणि तिच्याभोवती फिरल्या. एकदा बॉनेटला हात लावला, जसा झोपलेल्या माणसाला लावतात तसा.

"वहिनी, हे काय सांगतात ते ऐक," मोठ्या बाई म्हणाल्या.

मास्तरांनी ऐकवलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही नसतं.

वहिनी कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर बसल्या. काठी दोन्ही हातांत धरली. "म्हणजे ती मोडीतच गेली," त्या म्हणाल्या.

मास्तरांना वाटलं, आता मोठ्या बाई तोंड उघडतील आणि जुनं सगळं पुन्हा सुरू होईल, आणि ते आपल्यामुळे. बाईंनी तोंड उघडलं खरं.

"वहिनी, तू यांना काहीतरी बोल," त्या म्हणाल्या. "मला घरी सुचलंच नाही."

वहिनींनी मान वर केली. मास्तरांना नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. "अहो, तुम्हाला लाज नाही वाटली?"

"वाटते."

"आता वाटते. तेव्हा?"

"तेव्हा यांच्या अंगात आलं होतं," बाई म्हणाल्या. "मला म्हणाले, पोचा दुरुस्त केला!"

"तुमच्या गुडघ्याचा?"

"माझ्या गुडघ्याचा!"

"आणि मी इकडे चार दिवस लोकांना सांगत फिरतेय. वाण्याला सांगितलं. डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी माझी गोळी कमी केली हो!"

"बघा! गोळी कमी केली! आता कुणी वाढवायची?"

"पोरकटपणा तरी किती! या वयात!"

"शिकवतात म्हणे लोकांना. काय शिकवत असतील?"

एकीने वाक्य सुरू करावं, दुसरीने संपवावं. वर्षानुवर्षं न बोललेल्या दोघी, पण मास्तरांना बोलताना कुणाची पाळी हे त्यांना ठरवावं लागत नव्हतं. जिन्यातून उतरणारे शेजारी कडेकडेने सटकत होते. मास्तर हात पाठीमागे बांधून, मान खाली घालून उभे होते, आणि आयुष्यात त्यांच्यासमोर जितके शिकाऊ असे उभे राहिले होते ते सगळे त्यांना आठवत होते. कवळीवाल्यांचे सासरेही आठवले. ते तर काही न बोलताच निघून गेले होते.

दम लागल्यावर वहिनी थांबल्या. मग गाडीकडे काठी करून म्हणाल्या, "आणि हिरवी कशी? त्यांची निळी होती."

"हिरवीच होती, वहिनी."

"वन्सं, माझ्या दारात उभी असायची. निळी."

"मी तिच्यात बसायची. हिरवी, अशीच. म्हणून तर मी फसले."

"फोटोत बघा."

"फोटोत काळीच दिसते, कशी बघणार?"

"माझ्याकडे त्यांचा एक शर्टाचा तुकडा आहे, गाडी पुसायचे त्याचा. त्याला रंग लागलाय. वर चला, दाखवते."

मोठ्या बाई जिन्यापर्यंत गेल्या आणि थबकल्या. कदाचित इतक्या वर्षांनी तो जिना चढायचा म्हणून असेल. वहिनींनी त्यांचा दंड धरला; काठी सांभाळायला की बाईंना, ते सांगता येणार नाही. पहिल्या पायरीवरून बाई वळल्या.

"तुम्ही थांबा," त्या मास्तरांना म्हणाल्या. "मला घरी सोडायचंय. बोलावल्याशिवाय वर येऊ नका."

"बरं."

दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडेपर्यंत मास्तर तिथेच उभे होते. वहिनींनी डोकं बाहेर काढलं.

"अहो, ती गाडी दारात नका उभी करू! मागे लावा, कचऱ्याच्या डब्यांपाशी. लोक विचारायला येतील, मी कुणाकुणाला सांगत बसू?"

मास्तरांनी गाडी मागे नेली. डब्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये जेमतेम बसली. आत बसून राहावंसं त्यांना वाटेना, म्हणून भिंतीला टेकून उभे राहिले. वरून कपबश्यांचा आवाज आला. खाली चहा येणार नाही हे त्यांना कळत होतं आणि ते बरोबर आहे असंही वाटत होतं. थोड्या वेळाने वरून निळी, हिरवी, निळी असं ऐकू येऊ लागलं, आणि मग एकदम दोघींचा मिळून असा काही आवाज, की हसतात की रडतात ते खालून ठरवता येईना. मास्तरांनी वर बघितलं नाही. तो आवाज कशाचा आहे हे समजून घ्यायचा आपल्याला काही हक्क नाही, असं त्यांना वाटलं. बोलावणं येईपर्यंत ते तिथेच, डब्यांशेजारी उभे राहिले.